क्रिएटिनिन १.६ असताना अँजिओग्राफी: धोका नेमका कुठे आहे?

तुमचा प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वडील ६२ वर्षांचे, १२ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) आणि टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) चालू. गेले तीन महिने दोन जिने चढले की छातीवर दाब येतो, पाच मिनिटं बसलं की जातो. चालताना पोटरीही भरून येते. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.६. एका डॉक्टरांनी सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन सांगितला, दुसऱ्यांनी थेट मनगटातून अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन काढलेलं चित्र. शेजारी म्हणतात डायने (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून दोन्ही तपासण्यांत टोचतात त्या आयोडीनच्या औषधाने) किडनी जाते, नातेवाईक म्हणतात सीटीच्या किरणांनी कॅन्सर होतो. आईची काळजी तिसरीच: कोळंबी खाल्ली की वडिलांच्या अंगावर पित्त उठतं, मग आयोडीनचं इंजेक्शन चालेल का?

सगळ्यात आधी एक गोष्ट. आतापर्यंत त्रास चढताना होतोय आणि बसल्यावर थांबतोय, म्हणून तपासणी निवडायला वेळ आहे. बसल्या जागी दुखू लागलं, पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला किंवा दोन जिन्यांऐवजी दहा पावलांतच दाब येऊ लागला, तर कोणती तपासणी सुरक्षित हा विचार बाजूला ठेवा आणि थेट ईसीजी व ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) सोय असलेल्या रुग्णालयात जा. तशा वेळी अँजिओग्राफी लांबवण्यात जो धोका असतो, त्यापुढे डायचा आणि किरणांचा धोका फार लहान आहे.

आता तुमच्या परिस्थितीबद्दल. 'सीटी सुरक्षित की अँजिओग्राफी' असा प्रश्न विचारला की उत्तर नीट मिळत नाही. विचारायचं असं: वडिलांच्या शरीरात कमकुवत जागा कोणती, कोणत्या तपासणीचा ताण त्या जागेवर किती पडतो, आणि रिपोर्ट आल्यावर उपचार बदलणार आहेत का? त्यांची कमकुवत जागा किडनी आहे. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीच्या भीतींबद्दल थोडक्यात.

क्रिएटिनिनचा आकडा एकटा पाहू नका. त्यावरून ईजीएफआर काढावा लागतो, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. ६२ वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन १.६ असेल तर ईजीएफआर साधारण ४८ येतो. त्याच वयाच्या बाईचं क्रिएटिनिन तेवढंच असेल तर तो ३६ च्या आसपास येतो. कारण स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं, आणि तरीही ते १.६ पर्यंत चढलंय याचा अर्थ किडनी जास्त दमलेली आहे. डायच्या बाबतीत खरी सावधगिरी ईजीएफआर ३० च्या खाली गेला की लागते. ३० ते ४५ या पट्ट्यात परिस्थिती बघून ठरवतात. ४८ म्हणजे किडनी अशक्त आहे, पण डाय अजिबात देता येणार नाही इतकी नाही. मात्र हा रिपोर्ट जुना असेल तर तो धरू नका. तपासणीच्या आधी आठवडाभरातलं क्रिएटिनिन हवं. मधल्या काळात जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक चालू असेल, तर आकडा बदललेला असतो.

डायने किडनीला काय होतं? डाय गाळताना किडनीच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो आणि नळ्यांच्या पेशींना इजा होते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं किंवा आठवडाभरात दीडपट झालं, तर किडनीला इजा झाली असं धरतात. बहुतेकांमध्ये ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात वर जातं आणि एक-दोन आठवड्यांत खाली येतं. कायमचं डायलिसिस लागणं क्वचित घडतं, आणि तेही बहुधा आधीच फार खालावलेल्या किडनीत, हार्ट अटॅकमध्ये रक्तदाब कोसळलेला असताना किंवा दोन-तीन दिवसांत लागोपाठ दोनदा डाय दिल्यावर. यातली शेवटची गोष्ट आपल्या हातात असते, आणि तुमच्या बाबतीत तीच कळीची आहे.

डायची मात्रा पाहा. सीटी कोरोनरी अँजिओला ५० ते ८० मिलि, शिरेतून. मनगटातून केलेल्या निदानाच्या अँजिओग्राफीला नीट काम केलं तर ३० ते ५० मिलि. म्हणजे मात्रेत सीटी वरचढ नाही. पण त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी केली तर आकडा १५० ते २०० वरही जातो. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) एक ढोबळ नियम पाळतात: डायची मात्रा शक्यतो ईजीएफआरच्या दुप्पट मिलिच्या आत ठेवायची, तिप्पट ओलांडायची नाही. वडिलांसाठी म्हणजे साधारण १०० मिलि. हे जमवण्याचे मार्ग साधे आहेत. हृदयाचं पंपिंग टू-डी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) आधीच पाहिलेलं असेल, तर डाव्या कप्प्यात डाय सोडून पुन्हा चित्र घ्यायची गरज नसते आणि ३०-४० मिलि तिथेच वाचतात. स्टेंट लागणार असेल आणि घाई नसेल, तर तो काही दिवसांनी, क्रिएटिनिन पुन्हा पाहून दुसऱ्या बैठकीत टाकता येतो. हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. टेबलावर झोपलेल्या माणसाला किंवा बाहेर घाबरून उभ्या असलेल्या मुलाला 'ब्लॉकेज आहे, आत्ताच करून टाकू का?' असं विचारलं की कोणीही हो म्हणतं.

कॅथेटरच्या अँजिओग्राफीत किडनीला आणखी एक धोका असतो, जो सीटीत नाही. महाधमनीच्या आतल्या चरबीचे कण तारेने खरवडले जाऊन खाली वाहत जातात. त्यातून पायाची बोटं निळी पडू शकतात आणि क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत नव्हे, काही आठवड्यांत हळूहळू चढतं. ही गुंतागुंत विरळ आहे, पण पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांमध्ये जास्त दिसते. पोटरीच्या दुखण्यावरून वडिलांच्या बाबतीत तशी शंका आहे, म्हणून ती त्यांनाही लागू पडते.

किडनी सांभाळायचा सर्वात भरवशाचा उपाय पाणी आहे. आणि नेमकी तिथेच चूक होते. 'उपाशीपोटी या' म्हटलं की घरचे आदल्या रात्रीपासून पाणीही तोडतात. नंबर दुपारी लागतो. तोवर मधुमेही माणूस सुकलेला असतो, आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली असेल तर साखरही घसरलेली असते. सीटीसाठी साधारण चार तास जेवण नको, साधं पाणी चालतं, पण आपल्या सेंटरला नक्की विचारा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर शिरेतून सलाईन देतात, वजनाच्या किलोमागे तासाला १ मिलि या बेताने, आधी काही तास आणि नंतर सहा ते बारा तास. ४८ ला सीटी असेल तर तोंडाने भरपूर पाणी बहुधा पुरतं. हृदय कमजोर असेल तर सलाईन बेतानेच, नाहीतर फुप्फुसात पाणी होतं. म्हणूनही इको आधी हवा. किडनी वाचवायला म्हणून देतात त्या एन-ॲसिटिलसिस्टीन आणि बायकार्बोनेट या औषधांचा उपयोग प्रिझर्व्ह या मोठ्या चाचणीत सलाईनपेक्षा जास्त दिसला नाही. कोणी चिठ्ठीत लिहून दिलं तर नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी विसरू नका.

औषधांबद्दल. वेदनाशामक गोळ्या दोन दिवस आधीपासून नंतर क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत बंद. मेटफॉर्मिन स्वतः किडनी बिघडवत नाही. किडनी अचानक बिघडली तर ते शरीरात साठतं आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं, भीती त्याची आहे. ईजीएफआर ३० च्या वर असताना शिरेतून डाय द्यायचं असेल तर ते थांबवायची गरज नाही, असं आजचे नियम सांगतात. कॅथेटरच्या अँजिओग्राफीला बरेच डॉक्टर त्या दिवसापासून ४८ तास थांबवतात आणि क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. वडिलांसाठी मीही तेच सुचवेन. फक्त ते पुन्हा सुरू करायचं कोणी विसरता कामा नये. टेल्मिसार्टन त्या दिवशी द्यावं की नाही यावर मतभेद आहेत, तुमचे डॉक्टर सांगतील तसं करा. ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण लांब उपासात त्या गोळ्यांनी रक्तात कीटोन वाढू शकतात.

आता सीटी की थेट अँजिओग्राफी. युरोपात २६ केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिस्चार्ज चाचणीत छातीत दुखणाऱ्या ३,५६१ स्थिर रुग्णांना या दोन गटांत वाटलं होतं. साडेतीन वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात सीटी गटात २.१ टक्के आणि कॅथेटर गटात ३.० टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. प्रक्रियेमुळे झालेली मोठी गुंतागुंत मात्र ०.५ विरुद्ध १.९ टक्के. एवढं वाचून सीटीच घ्यावी असं वाटेल. पण त्यात घेतलेले रुग्ण मधल्या शक्यतेचे होते, ब्लॉकेज असण्याची शक्यता १० ते ६० टक्के. वडिलांचं वय, बारा वर्षांचा मधुमेह, किडनी, पोटरीचं दुखणं आणि चढल्यावर येऊन बसल्यावर जाणारा दाब हे सगळं धरलं तर त्यांची शक्यता या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे जाते.

शिवाय कॅल्शियमची अडचण आहे. मधुमेह आणि किडनीच्या आजारात धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो. सीटीत तो पांढराशुभ्र चमकतो आणि आहे त्याहून मोठा दिसतो. ४० टक्के अरुंद जागा ७० टक्के वाटू शकते. मग रिपोर्टमध्ये 'कॅथेटर अँजिओग्राफी करून खात्री करावी' असं वाक्य येतं, आणि आठवड्यात दोनदा डाय जातं. ३ मिमीपेक्षा बारीक स्टेंट आधी बसवलेला असेल तरीही आतलं नीट दिसत नाही. म्हणून सीटीकडे कल असेल तर त्याच टेबलावर आधी डायशिवाय कॅल्शियम स्कोअर (चुना किती साठलाय त्याचा आकडा) काढायला सांगा. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही आणि किरणं साधारण १ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक). स्कोअर ४०० च्या बराच वर आला तर डाय न देता तिथेच थांबून फेरविचार करणं शहाणपणाचं आहे. ही विनंती सुई टोचण्याआधी करायची, नंतर नाही.

माझा कल असा. दाब कमी श्रमात येतोय किंवा औषधं देऊनही थांबत नाही, तर थेट मनगटातून, कमी डायमध्ये अँजिओग्राफी, कारण डाय एकदाच जाईल आणि उत्तर पक्कं मिळेल. औषधं अजून सुरूच केली नसतील, तर ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि बीटाब्लॉकर सुरू करून डोब्युटामाइन स्ट्रेस इको (औषधाने हृदयाचे ठोके वाढवून केलेली सोनोग्राफी) करता येतो. त्यात डाय नाही, किरणंही नाहीत. चांगला इको करणारा हात जवळ असेल तर किडनीच्या रुग्णासाठी हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. सीटी तेव्हा, जेव्हा कॅल्शियम कमी आहे आणि 'मुख्य डावी धमनी मोकळी आहे ना' एवढंच पाहून औषधांवर राहायचं ठरलंय.

सीटी ठरलीच तर तयारीत दोन गोष्टी जपा. नाडी ६० ते ६५ च्या खाली हवी, नाहीतर चित्र हलतं आणि तपासणी वाया जाते. त्यासाठी तासभर आधी मेटोप्रोलोल ५० किंवा १०० मिलिग्रॅम देतात. दमा असेल तर ते चालत नाही, आयव्हॅब्रॅडिनचा विचार करतात. धमन्या फुगाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टॅडालाफिल घेतलेलं असेल, तर रक्तदाब धोकादायक घसरतो. हे औषध वडील मुलांसमोर सांगणार नाहीत. त्यांना फॉर्म एकट्याला भरू द्या किंवा तंत्रज्ञाला त्यांच्याशी एकांतात बोलायला सांगा. सुई उजव्या कोपराच्या शिरेत, शक्यतो हिरव्या रंगाची, म्हणजे १८ गेज, कारण पंप सेकंदाला ५ मिलि वेगाने डाय ढकलतो. बारीक निळी सुई मनगटावर असेल तर शीर फुटून डाय कातडीखाली पसरू शकतं. डाय जाताना अंगभर ऊब येते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे सगळं नेहमीचं. सुईच्या जागी ठसठस किंवा ताण जाणवला तर मात्र लगेच हात हलवून सांगायचं.

किरणांची भीती. आपल्याला निसर्गातून वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आधुनिक मशीनवर, नाडी मंद असताना, सीटी कोरोनरी अँजिओ १ ते ५ मध्ये होते. जुन्या पद्धतीने, पूर्ण ठोक्याचं चित्र घेतलं तर १० ते २० पर्यंत जाते. निदानाची कॅथेटर अँजिओग्राफी ५ ते ७, थॅलियम स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून हृदयाचा रक्तपुरवठा पाहायची तपासणी) १५ च्या पुढे. आंतरराष्ट्रीय हिशोबाने ५ मिलिसिव्हर्ट म्हणजे सुमारे ४,००० जणांत एकाला आयुष्यात कधीतरी जीवघेणा कॅन्सर. तोही सर्व वयांचा सरासरी हिशोब आहे. गाठीचा कॅन्सर दिसायला दहा-वीस वर्षं लागतात, म्हणून ६२ व्या वर्षी धोका याहून कमी. तिशीतल्या बाईच्या छातीची सीटी करायची असेल तर मी हाच आकडा फार गांभीर्याने घेईन. वडिलांच्या निर्णयात तो शेवटून पहिला आहे. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारायला संकोच नको. त्रास नसलेल्या माणसाने हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीटी अँजिओ करून घेणं मात्र मला पटत नाही. तिथे फायदा जवळपास नाही, आणि फुप्फुसातल्या जुन्या टीबीच्या डागावरून पुढच्या तपासण्यांची रांग लागते.

कोळंबीचं आईंना असं सांगा. कोळंबीचं पित्त तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे उठतं, आयोडीनमुळे नाही. त्यामुळे डायला मनाई नाही. कुठल्याही पदार्थाने पित्त उठणाऱ्यांत रिॲक्शन थोडी जास्त दिसते इतकंच, म्हणून नोंद करून ठेवायची. जपानमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या पाहणीत आजच्या प्रकारच्या डायने तीव्र रिॲक्शन १० हजारांत ४ जणांना आली. आधी डायनेच रिॲक्शन आली असेल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा १३, ७ आणि १ तास आधी प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम आणि सोबत ॲलर्जीची गोळी देतात, शक्य तर डायही बदलतात. काही ठिकाणी अजून १ मिलिचा टेस्ट डोस देतात. तो ठीक गेला म्हणून पुढची मात्रा ठीक जाईल असं नसतं. त्यापेक्षा विचारा: ॲड्रेनालिन हाताशी आहे का, आणि तपासणीनंतर अर्धा तास सुई ठेवून बसवतात का? थायरॉइड वाढलेलं असेल तर तेही आधी सांगा, कारण डायमधल्या आयोडीनने ते भडकू शकतं.

मनगटातून अँजिओग्राफीत धोका लहान पण खरा आहे. मृत्यू किंवा पक्षाघात साधारण हजारात एक. मनगटाची धमनी नंतर बंद पडू शकते. बहुतेकांना ते कळतही नाही, पण पुढे कधी डायलिसिस लागलं तर फिस्टुलासाठी (डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) तीच जागा हवी असते. म्हणून वडील उजव्या हाताने काम करत असतील तर सगळं उजव्या हातातून करून घ्या आणि डावा हात सुयांपासूनही राखा. जांघेतून करावी लागली तर नंतर पाठीत किंवा ओटीपोटात दुखणं आणि रक्तदाब उतरणं ही आतल्या रक्तस्रावाची खूण आहे. जांघेवर सूज दिसत नसली तरी लगेच सांगायचं.

पोटरीसाठी आधी कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. त्यात ना किरणं, ना डाय. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मधुमेहात फसवं जास्त येतं, कारण चुना भरलेली धमनी पट्ट्याने दाबली जात नाही. ते १.४ च्या वर आलं तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. पायाच्या सीटी अँजिओला १०० मिलिच्या आसपास डाय लागतं. ती हृदयाच्या तपासणीच्याच आठवड्यात उरकू नका. पायावर पुढे काही करायचं ठरलंच तर कार्बन डायऑक्साइड वायू वापरून पायाची अँजिओग्राफी होऊ शकते. हृदयाच्या धमन्यांत हा वायू कधीच वापरत नाहीत.

तपासणी कुठलीही होवो, घरी येताना क्रिएटिनिनची चिठ्ठी हातात हवी: ४८ ते ७२ तासांनी रक्त द्यायचं. कॅथेटरची अँजिओग्राफी झाली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. मधल्या दिवसांत लघवी कमी झाली, पाय सुजले, हात गार पडला किंवा बोटं बधिर झाली, पायाची बोटं निळी दिसली किंवा आठवडाभरात अंगावर पुरळ उठलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.